इंजिन एकाचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, क्लच कुणाचा?

प्रश्न : वडिलांनी जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवून घेतले होते. डाळिंबाचे क्रेट भरून बारामतीला निघालो की चढाला इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. दुकानदार मॉडेल विचारतात. काय सांगू?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : मॉडेल सांगूच नका, जुना माल दाखवा. लक्षणे क्लच घसरल्याची आहेत; मात्र आधी क्लच पेडलचा प्ले बघा. तो उरला नसेल तर चांगला क्लचही घसरतो.

प्ले ठीक असेल तर गिअरबॉक्स उतरवा. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ठरवतात, म्हणजे इंजिन. मधल्या हबचे दाते मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळावे लागतात. दुकानदार इथेच फसतात. दाते मोजा, शाफ्टची जाडी व्हर्निअरने घ्या, आणि प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग पोत्यात घालून पुण्याच्या नाना पेठेत न्या. नवी प्लेट शाफ्टवर हाताने सहज सरकावी, पण खुळखुळू नये. तयार जोड मिळाली नाही, तर जुन्या हबचे दाते शाबूत असल्यास त्याच प्लेटला नवे लायनिंग रिव्हेट करून घ्या.

प्लेट तेलकट निघाली तर क्रँकचे मागचे ऑइल सील आधी बदला, नाहीतर नवी प्लेटही भिजेल. आणि आरसीवर हे डिझेल इंजिन चढले आहे ना, तेही पाहा. कायद्याने ते लागते.