शक्तिमानवरची धूळ

रांझी, जबलपूर

चि. ओंकार,

तुझ्या शक्तिमान ट्रकच्या मॉडेलचे फोटो पाहिले. केबिन, हौदा, ताडपत्रीच्या कमानी, सगळं प्लास्टिकच्या शीटमधून कापून १/३५ मापात उभं केलंस. हात चांगला बसला आहे. धूळ मात्र पटली नाही. पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखी, एकाच पिवळट रंगाची. पिठाच्या गिरणीतून ट्रक बाहेर काढल्यासारखा दिसतो. कोणत्या कंपनीची पिगमेंट घेऊ, असं तू विचारलंस. ते नंतर बघू. आधी सांग, ही गाडी कुठून आली, कोणत्या महिन्यात आणि ताफ्यात कितवी होती?

शक्तिमान ही आमच्या गावची गाडी. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागली. पुढे १९६९मध्ये व्हेईकल फॅक्टरी निघाली आणि शक्तिमान, निसान एकटनी, जोंगा अशा गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या. तू पाहतोस ती परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक उत्तर आफ्रिकेतल्या रणगाड्यांचे नाहीतर रशियातल्या चिखलाचे. तिथली कृती घे, रंग घेऊ नकोस.

रंगासाठी इथली जमीन बघ. मदन महालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, त्यांची भरड करडी-गुलाबी. भेडाघाटकडे संगमरवर, तिथल्या खाणींच्या रस्त्यावर पांढरी भुकटी. गन कॅरेज फॅक्टरीजवळच्या बडा शिमला टेकडीत फिकट चुनखडीचे थर आहेत. (ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८मध्ये डायनासोरची हाडं याच भागात सापडली. तुझ्या धाकट्या भावाला सांग, तो लगेच तिकीट काढायला सांगेल.) आणि गावाबाहेर पडलं की शेतांतली काळी माती.

या काळ्या मातीपाशी सगळे फसतात. ओली असते तेव्हा ती काळी. वैशाखात चाकाखाली दळून उडते तेव्हा तिची धूळ राखेकडे झुकणारी, फिकट तपकिरी असते. कोणत्याही मातीची सुकी धूळ तिच्या ढेकळापेक्षा दोन-तीन छटा उजळच निघते. तेव्हा मे महिन्यातली गाडी करायची असेल तर काळ्या रंगाची बाटली उघडूसुद्धा नकोस. श्रावणातली करायची असेल तर धूळ विसर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचे लपके बसव. दोन्ही एकाच गाडीवर हवं असेल तर जुना चिखल वाळून फिकट झालेला आणि त्यावर नवी धूळ, एवढंच शोभतं.

आता ताफ्याचं. पहिल्या गाडीचं तोंड तुलनेनं स्वच्छ राहतं. मागच्या गाड्या पुढच्यांची धूळ खातात, म्हणून त्यांच्या रेडिएटरची जाळी, बोनेट, दिव्यांच्या खोबणी माखतात. मागची फळी मात्र पहिल्या गाडीचीही भरते, कारण चौकोनी हौद्यामागे हवा पोकळी करते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाते. तू नेमकी मागची फळीच कोरी ठेवली आहेस.

माणसाचा हात कुठे लागतो तेही बघ. दाराची मूठ, पायरी, डिझेल टाकीचं झाकण. पायरीवर बुटांनी धूळ घासली जाते, झाकणाभोवती सांडलेल्या डिझेलवर ती चिकटून काळपट डाग होतो. काचेवर वायपरच्या कमानी हव्यात. त्या आकाराची टेप कापून लाव आणि मग फवारा मार. फौजेचा ड्रायव्हर आणखी एक गोष्ट करतो: वर तोंड केलेल्या बाणाने सुरू होणारी नंबरपट्टी आणि युनिटची खूण फडक्यानं पुसतो. बाकी गाडी भले धुळीनं भरलेली असो, तेवढी जागा वाचता आली पाहिजे.

सामान साधं पुरे. गेरू, मुलतानी माती आणि चुलीची चाळलेली राख यांत जबलपूरचे बहुतेक रंग बसतात. रांगोळी नको, तिचे कण जाड. हिशोब कर: ०.१ मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे धूळ नव्हे, बारीक खडी. खरी माती वापरायचा मोह झाला तर ती पाण्यात ढवळ, जड भाग खाली बसू दे आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून सुकव. त्या दुसऱ्या भांड्याच्या तळाला उरेल ती पूड तेवढी घे, तव्यावर भाजून. नदीकाठची वाळू मात्र टाळ. अभ्रकाचा एक कण चमकला की सगळी गाडी खेळणं दिसते.

लावताना आधी मॅट वार्निश, नाहीतर पूड धरत नाही. मग बफ रंग थिनरमध्ये इतका पातळ कर की एका फवाऱ्यात जेमतेम धुकं दिसावं, आणि तो खालच्या एक तृतीयांश भागात, चाकांवर आणि मागच्या फळीवर मार. त्यावर टर्पेंटाइननं ओलावलेल्या सांध्यांत ब्रशनं पूड सोड. ओली असताना ती गडद दिसेल, घाबरून आणखी घालू नकोस. रात्रभर सुकू दे. सकाळी कोरड्या ब्रशनं वरून खाली झटक. ताडपत्रीच्या घड्यांत राहील ती राहू दे, फुगलेल्या भागावरची काढ. शेवटी वरून पुन्हा वार्निश फवारू नकोस. पुडीचा फिकटपणा त्यानं मरतो. मॉडेल कपाटात राहणार आहे, त्याला कोण हात लावतंय? टायरचा जमिनीला टेकणारा भाग पुसायला विसरू नकोस. डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर गेलेल्या गाडीचीही तिथली धूळ निघून जाते.

आणि खिडकी उघडी ठेव, टर्पेंटाइन बंद खोलीत बरं नाही. झालं की फोटो पाठव, फ्लॅश न मारता, खिडकीच्या तिरप्या उजेडात. मुलतानी मातीचा डबा आईच्या कपाटातून उचलला असशील तर आता दुकानातून नवा आण.

तुझा,
बाळूमामा