मालकाला ‘नाही’ म्हणणारी माणसं

सोलापूर,
नोव्हेंबर 2025

चि. संकेत,

दलालाने तुला पाठवलेली विमानाची माहिती वाचली. हॉकर 800 एक्सपी, आठ जणांची बैठक, आतून नवं लेदर, किंमत वीस-पंचवीस कोटींच्या घरात. दादाचा फोन आला होता. म्हणाला, “तुझा जन्म हँगरमध्ये गेला, पोराला चार शब्द सांग.” चारात भागणार नाही. पण इसार देण्याआधी हे पत्र एकदा सावकाश वाच.

सोलापूरच्या माणसाने विमानाचं नाव काढू नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. वालचंद हिराचंद 1882 साली याच गावात जन्मले आणि डिसेंबर 1940 मध्ये त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. 1942 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आजच्या एचएएलचं मूळ तेच. तेव्हा तुझ्या हौसेला मी नाक मुरडणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. अक्कलकोट रोडच्या तुझ्या मागांच्या कारखान्यात आता तुला ‘नाही’ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. दादा बोलत नाही, मॅनेजर मान डोलावतो, बँकवाला घरी येऊन चहा पितो. विमानाच्या बाबतीत तुझा पैसा आणि जीव, दोन्ही अशा माणसांच्या हाती असतात ज्यांचं कामच तुला ‘नाही’ म्हणायचं आहे. ते ऐकून घेता येत असेल, तर पुढचं सगळं शिकता येतं.

पहिला नकार आकड्यांचा. वर्षाकाठी तू किती तास उडणार, ते कागदावर मांड. मुंबईचे तास त्यात धरू नकोस. 2023 पासून वंदे भारत साडेसहा तासांत नेते, सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीत नेते आणि गेल्या महिन्यापासून स्टार एअरचं विमानही सुरू झालंय. गोव्याला जूनपासून फ्लाय 91 जातं. उरलं काय? दिल्लीला उतरून पानिपत, कोइम्बतूर, सुरत, अधूनमधून दुबई. ओढूनताणून धरलंस तरी हे वर्षाला शंभर तासांच्या वर जाणार नाही. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की वर्षाला दोनशे तासांच्या खाली उडणाऱ्याने विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावं.

कारण विमान उभं असतानाही खातं. या वर्गाच्या जेटला दोन पायलट लागतात, आणि एक आजारी पडला तर तिसरा हाताशी हवा. त्यांचा पगार दरमहा, शिवाय नेमाने सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, बहुतेक वेळा परदेशात. विमा, हँगरचं भाडं, देखभालीची नोंद ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा करार, नकाशांच्या डेटाबेसची वर्गणी. हे सगळं तू घरी झोपलेला असलास तरी चालू. उडालास की ताशी हजार लिटरच्या आसपास इंधन वेगळं. त्यात 22 सप्टेंबरपासून खासगी वापराच्या विमानावरचा जीएसटी 40 टक्के झालाय, आधी तो 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता. कोणी कानात सांगेल, “कागदावर भाड्याचं दाखवा, कर वाचतो, वापरा तुम्हीच.” असल्या शहाणपणापायी मोठमोठ्या घराण्यांना कस्टम्सच्या नोटिसा आलेल्या आहेत. त्या वाटेला जाऊ नकोस.

म्हणून माझं मत सरळ आहे. निदान एक वर्ष चार्टर कर. पण तेही डोळे उघडे ठेवून.

चार्टरवाला ताशी दर सांगतो, तो अर्धाच हिशेब असतो. विमान मुंबईहून रिकामं येणार, तुला सोडून रिकामं जाणार, ते तास तुझ्याच खात्यात. दिवसाला किमान दोन तासांचं बिल लावायची पद्धत आहे, मग तू पाऊण तास उडालास तरी. मुक्काम पडला तर पायलटांचं हॉटेल, पार्किंग, लँडिंग, ग्राउंड हँडलिंग आणि वर जीएसटी. एकूण आकडा लेखी माग, आणि ठरलेली फेरी रद्द झाली तर किती कापणार, तेही त्याच कागदावर लिहून घे.

दराच्याही आधी परवाना माग. भाड्याने माणसं नेणाऱ्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतो आणि जे विमान तुझ्यासाठी येणार त्याचं ‘व्हीटी’ने सुरू होणारं नोंदणीचिन्ह त्या परवान्यावर असावं लागतं. कंपनीचा परवाना आहे पण हे विमान त्यावर नाही, असं निघालं तर चढायचं नाही. खासगी नोंदणीचं विमान मित्राचं म्हणून ‘फक्त खर्चात’ मिळतंय असं कोणी म्हणालं, तर ते भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. दोन्ही पायलटांचे त्याच प्रकारच्या विमानावरचे तास विचार. चांगला ऑपरेटर या प्रश्नांनी चिडत नाही, कागद पुढे करतो.

आता खरेदीकडे येतो, कारण वर्षभरानंतरही तू घेशीलच असं तुझा स्वभाव सांगतो. तू युरोपातून जुने रेपियर माग आणलेस तेव्हा रंग पाहून घेतले नाहीस. ते कोणी चालवले, किती चालवले, सुटे भाग मिळतात का, हे विचारलंस. इथेही तेच विचार. हे विमान मुळात 1962 साली पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिश डी हॅविलंड 125 च्या वंशातलं. पुढे ते रेथिऑनकडे गेलं, मग हॉकर बीचक्राफ्टकडे. ती कंपनी 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि या विमानांचं उत्पादन थांबलं. सुटे भाग आणि सेवा आज टेक्स्ट्रॉनकडून मिळते. विमान दणकट आहे, त्यात शंका नाही. पण नवं कधीच बनणार नाही, त्यामुळे दरवर्षी त्याची बाजारातली किंमत घसरणार आणि दुरुस्तीची चढणार. लिअरजेटचंही तसंच, 2022 मध्ये शेवटचं बाहेर पडलं.

दुसरा नकार पाहणी करणाऱ्याचा. पाहणी नेहमी त्रयस्थ ठिकाणी करायची, विकणाऱ्याच्या नेहमीच्या हँगरमध्ये नाही. माणूस तू नेमायचास, पैसे तू द्यायचेस. तो आधी विमानाकडे जाणारच नाही, लॉगबुकं घेऊन टेबलाशी बसेल. पहिल्या दिवसापासूनची सलग पानं हवीत. प्रत्येक कामापुढे तारीख, एकूण तास, एकूण लँडिंग, सही आणि लायसन्स नंबर. दोन पानांमधली बेरीज जुळली नाही, किंवा मधली दोन वर्षं ‘वही गहाळ’ असं आलं, की विमानाची किंमत तिथेच खाली येते. जिथे नोंद नाही तिथे काम झालंच नाही असं धरतात. कंपनीने आणि सरकारने वेळोवेळी काढलेले सक्तीचे दुरुस्ती-आदेश एकेक करून पाळले गेलेत का, तेही तिथेच कळतं.

मग तो इंजिनात बोरोस्कोप घालेल, बोटापेक्षा बारीक नळी आणि टोकाला कॅमेरा. पडद्यावर टर्बाइनची पाती एकामागून एक फिरताना दिसतात. कडा करपलेली आहे, टोकाला टवका आहे, मधे केसासारखी रेघ आहे, हे तिथे लपत नाही. या विमानाची इंजिनं हनीवेलची टीएफई 731. ठरावीक तासांनी ती उघडून मोठी तपासणी करावीच लागते. विकणाऱ्याने दर तासाला पैसे भरून ती हनीवेलच्या देखभाल योजनेत ठेवली असतील तर तो खर्च सांभाळला जातो. ठेवली नसतील आणि तपासणी जवळ आली असेल, तर दोन्ही इंजिनांचं बिल विमानाच्या किमतीचा मोठा हिस्सा होऊ शकतं. विमान स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

शेवटी तो टॉयलेट आणि पॅन्ट्रीखालची फळी उचलायला सांगेल. वर्षानुवर्षं सांडलेलं पाणी तिथे मुरतं आणि अ‍ॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. मुंबईच्या खाऱ्या हवेत पावसाळे उघड्यावर काढलेल्या विमानात तर हमखास बघायचं. दलालाने पाठवलेल्या फोटोंत लेदर आहे, कॉफीचं मशिन आहे, पण फळीखालचा एकही फोटो नाही.

या तपासणीनंतर तुझा माणूस ‘घेऊ नका’ म्हणाला, तर तपासणीचे पैसे बुडाले म्हणून हळहळू नकोस. ते त्यासाठीच दिलेले असतात. मालकीचा आणि कर्जाचा शोधही वकिलाकडून घे. विमानावरच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय नोंद आयर्लंडमध्ये डब्लिनला ठेवतात, तिथे जुन्या सावकाराचं नाव अडकलेलं असेल तर विमान तुझं होऊनही तुझं होत नाही. आयात करायच्या विमानाच्या वयावर डीजीसीएची मर्यादा आहे, ती चालू नियमात पाहून मगच बोलणी पुढे ने.

तिसरा नकार आपल्या गावाचा. होटगी रोडचा विमानतळ नियमित विमानांसाठी सुरू व्हायला किती वर्षं गेली, तू पाहिलंस. साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वाद चालला आणि 15 जून 2023 ला ती पाडली. त्या वादात कोण बरोबर होतं, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. पायलटाला त्या वादाशी घेणंदेणं नसतं, वाटेत काय उभं आहे तेवढं तो पाहतो. धावपट्टी साधारण दोन किलोमीटरची, गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पारा त्रेचाळीसच्या पुढे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी उचल देते आणि इंजिनाचा जोरही घटतो. अशा वेळी कॅप्टन म्हणेल, “आठ जण नको, पाच चला,” किंवा “इंधन कमी घेऊ, वाटेत भरू,” किंवा “पहाटे निघू.” तो हे मनाने सांगत नसतो. एक इंजिन ऐन वेळी बंद पडलं तरी विमान चढलं पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. दुबईला इथून थेट जायचं मनातही आणू नकोस. सोलापुरात कस्टम्स आणि इमिग्रेशन नाही, आधी मुंबई-हैदराबादसारख्या विमानतळावर उतरावंच लागेल. मुंबईत छोट्या विमानांना गर्दीच्या वेळी जागा मिळत नाही, हेही वेळेच्या हिशेबात धर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 29 मार्च 2001 ला अमेरिकेत अ‍ॅस्पेन या डोंगरातल्या गावी भाड्याचं एक गल्फस्ट्रीम जेट उतरताना कोसळलं, अठराच्या अठरा जण गेले. प्रवासी उशिरा आल्याने लॉस एंजेलिसहून निघायला उशीर झाला होता. अ‍ॅस्पेनला अंधार पडल्यावर उतरायला बंधन होतं आणि बर्फही पडत होतं. विमान कदाचित दुसरीकडे न्यावं लागेल, हे कळल्यावर भाडेकरू भडकला होता. चौकशीत चूक वैमानिकांची ठरलीच, पण त्यामागची कारणं मांडताना अहवालाने ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेला दबाव स्पष्ट लिहिला. पैसे देणाऱ्या माणसाची घाई अपघाताच्या अहवालात कारण म्हणून छापली गेली.

हवामानाला पद आणि पैसा कळत नाही. 30 सप्टेंबर 2001 ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते, मैनपुरीजवळ खराब हवेत त्यांचं छोटं विमान कोसळलं आणि विमानातले सगळे गेले. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट 45 मुंबईच्या धावपट्टीवर मुसळधार पावसात घसरलं, तेव्हा दृश्यमानता 700 मीटर होती. आठही जण वाचले. दर वेळी तसं होत नाही.

आणि स्वतःचं विमान घेतलंस, तर पैसे देणाऱ्याच्या दबावाचा धोका वाढतो हे ध्यानात ठेव. चार्टरचा कॅप्टन तुझा नोकर नसतो, त्याच्यामागे त्याची कंपनी असते. तुझ्या विमानाचा कॅप्टन तुझ्याकडून पगार घेईल, त्याच्या मुलाची फी त्यातून जाईल. त्याला ‘नाही’ म्हणणं जड जाणार. ते सोपं करून देणं हे मालकाचं पहिलं काम. त्याने फेरी रद्द केली तर कारण विचारायचं नाही, पगारवाढीच्या वेळी ती आठवायची नाही, आणि पाहुण्यांसमोर “आमचे कॅप्टन जरा भित्रे आहेत” असली थट्टा तर कधीच नाही. घाईची कामं आधीच्या रात्रीच्या रेल्वेने करायची सवय ठेव. ज्याच्याकडे दुसरा रस्ता असतो तोच पायलटावर दबाव आणत नाही.

तर ठरलं ते असं. दलालाला कळव, यंदा नाही. वर्षभर चार्टर कर आणि प्रत्येक फेरीचे तास, रिकाम्या फेऱ्या, एकूण बिल आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणं एका वहीत लिही. पुढच्या दिवाळीनंतर ती वही घेऊन ये. दोनशेच्या वर तास भरले असतील, तर तुझ्यासोबत मी स्वतः लॉगबुकं वाचायला येईन. आणि पहिल्याच फेरीला, चढण्याआधी, कॅप्टनला सगळ्यांसमोर एवढं सांग: “परत फिरायचं ठरलं तर मला विचारू नका, नुसतं कळवा.”

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा. दादाची साखर एकदा तपासून घे, फोनवर त्याचा आवाज थकलेला वाटला.

तुझा,
काका