फाउंटन की हुतात्मा चौक?

बोरिवलीहून लोकलने चर्चगेटला उतरलो, की 'येथे गेट कुठे आहे?' असा प्रश्न मला पडे. स्थानकापासून पूर्वेला चालत गेल्यावर उत्तर मिळाले. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा कोटाचा तो दरवाजा आजच्या हुतात्मा चौकाच्या परिसरात होता. १८६० नंतरच्या दशकात तटबंदी पाडली गेली. १८६४ साली तेथे फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे कारंजे उभे राहिले. राज्यकर्त्यांनी शहर सजवले. लोकांना मात्र जमायला जागा मिळाली.

या जागेचे मोल २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कळले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी येथे प्रचंड जनसमुदाय लोटला. पोलिसांच्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि कारंज्याजवळ मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे राहिले.

चौक म्हणजे केवळ रस्त्यांचा संगम नव्हे. ज्यांच्या हाती सत्ता नसते, त्यांनी एकत्र येऊन आपले म्हणणे मांडण्याची ती जागा असते. हे कारंजे आपल्याला आयते मिळाले. स्मारकाची किंमत मात्र आपल्याच माणसांनी मोजली.

तरीही आपण उपनगरवासी सहज 'फाउंटनला जातो' म्हणतो. मीही म्हणत असे. कारंजे सुंदर आहे, त्याच्याशी वैर नाही. परंतु त्या दिवशी जे घरी परतले नाहीत, त्यांच्यासाठी 'हुतात्मा' ही तीन अक्षरे आपल्या जिभेला जड होऊ नयेत.