ऑइल फिल्टर धुवायचा की बदलायचा?

प्रश्न : माझ्या बुलेट ३५० चा कागदी ऑइल फिल्टर मी वेळच्या वेळी बदलतो. मित्र म्हणतो, स्टीलच्या जाळीचा घे, धुऊन धुऊन वापर. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाडी रोजच्या वापराची असेल तर कागदीच ठेवा. जाळी टिकते, थंड घट्ट ऑइलही तिच्यातून सहज जातं, हे खरं. पण ती धुणार कोण, हे मित्राने सांगितलं नसावं! रॉकेलमध्ये बुडवायची, मऊ ब्रशने घासायची, पूर्ण वाळवायची आणि उजेडासमोर धरून बघायची. कुठे फाटलेली दिसली, की भंगारात. आताच्या बुलेटचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याचा झिजलेला चुरा जाळीत चिकटून बसतो, घाईत धुतला तर निघत नाही. फिल्टर तुंबला, की बहुतेक इंजिनांत बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल फिरू लागतं. गाडी मात्र तक्रार करत नाही.

रेसिंगवाल्यांची गोष्ट वेगळी. इंजिन सारखं उघडणाऱ्याला जाळीवर धातूचे कण लगेच दिसतात. कागदी फिल्टर त्यासाठी कापावा लागतो.

स्प्लेंडरमध्ये कागदी फिल्टर नसतोच. तिथली जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर साफ करूनच वापरतात. त्या सवयीने कुणी तुमचा कागदी फिल्टर हवा मारून परत बसवू लागला, तर तिथेच थांबवा. नव्या फिल्टरबरोबर ओ-रिंगही नव्या घ्या.