सामान्यनाम व विशेषनाम

पुढील दोन वाक्ये वाचा.

नागपूर शहराच्या मध्यभागी एक टेकडी आहे.
मामा सकाळीच टेकडीवर दर्शन घेऊन आले.

पहिल्या वाक्यातील 'टेकडी' हे जमिनीच्या उंचवट्याच्या एका जातीचे नाव आहे. रामटेकच्या टेकडीस ते लागू पडते, तसेच पुण्याच्या पर्वतीसही लागू पडते. एकाच जातीच्या सर्व वस्तूंना त्यांच्या समान गुणधर्मामुळे मिळालेल्या अशा नावास सामान्यनाम म्हणतात. दुसऱ्या वाक्यात मात्र मामा कोणत्या टेकडीवर गेले, असे नागपुरात कोणी विचारणार नाही. सीताबर्डीच्या टेकडीवरील गणपतीचे देवालय तेथे 'टेकडी' एवढ्या एकाच शब्दाने ओळखले जाते. येथे तोच शब्द एका ठरावीक स्थळाचे नाव झाला, म्हणून तो विशेषनाम होय.

इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. त्यामुळे ते नुसत्या नजरेने ओळखता येते. देवनागरी लिपीत अशी सोय नाही. शब्दाकडे कितीही निरखून पाहिले तरी उपयोग होत नाही, वाक्याचा अर्थच पाहावा लागतो. 'राजाने महाल बांधला' यात महाल म्हणजे राजवाडा. 'महालात भाजी स्वस्त मिळाली' असे नागपूरची गृहिणी म्हणते, तेव्हा ती राजवाड्यात गेलेली नसते; महाल ही तेथील जुनी वस्ती आहे. इतवार म्हणजे रविवार. पण इतवारी या पेठेत बुधवारी गेले तरी ती इतवारीच. मंगळवारी ही वस्ती तर निराळीच!

ज्याचे अनेकवचन होते ते सामान्यनाम, अशी एक खूण मुले पाठ करतात. संत्रे, संत्री, गल्ली, गल्ल्या. खूण उपयोगी आहे, पण पुरती भरवशाची नाही. साखर, सोने, दूध यांचे अनेकवचन सहसा होत नाही, तरी ती सामान्यनामेच. कोणत्याही दुकानातील साखर ही साखरच. उलट 'या वर्गात दोन नारद आहेत' असे गुरुजी म्हणतात, तेव्हा देवर्षी नारद मनात नसून कळ लावणारी मुले असतात. म्हणजे विशेषनाम येथे सामान्यनामासारखे वापरले गेले.

संत्रे हातात घेता येते. त्याची गोडी मात्र त्यापासून वेगळी काढून दाखवता येत नाही. गोडी, शौर्य, दीक्षा अशी गुणांची, स्थितींची वा कृतींची नावे भाववाचक नामे होत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लक्षावधी अनुयायांस ती दिली. 'दीक्षा' हे भाववाचक नाम आणि 'भूमी' हे सामान्यनाम. त्या जागेसाठी ही दोन्ही एकत्र येऊन 'दीक्षाभूमी' हे विशेषनाम झाले. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथेही दीक्षासमारंभ झाला आणि तेथील स्थळासही दीक्षाभूमी म्हणतात. एक नाव दोन स्थळांस लाभले म्हणून ते सामान्यनाम होत नाही. वर्गात दोन सुधा असल्या तरी प्रत्येकीचे नाव तिचे तिला निराळे ठेवलेले असते.

अभ्यास

१. 'नाग बिळात शिरला' व 'नाग नदीस पूर आला' या वाक्यांतील 'नाग' शब्दाचा प्रकार कारण देऊन सांगा.
२. तुमच्या गावातील एखाद्या सामान्यनामाचे विशेषनाम झाले आहे काय? वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.