वेडी बाभूळ : खुंटावरील तणनाशकाचा वापर आणि त्याची मर्यादा

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु तालुक्याला ग्रँड अणिकट कालव्याचे पाणी मिळते. तेथील तळी, कालव्यांचे काठ व पडीक बांध यांवर माजणाऱ्या काटेरी झाडीला तमिळमध्ये ‘सीमै करुवेलम’, म्हणजे परदेशी बाभूळ, म्हणतात. महाराष्ट्रातील वेडी बाभूळ ती हीच; शास्त्रीय नाव प्रोसोपिस जुलिफ्लोरा. जमैकाहून आणलेले तिचे बी 1877 साली तत्कालीन मद्रास इलाख्यात पेरले गेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या आदेशांमुळे 2017 मध्ये तिच्या उच्चाटनाला वेग आला. तरीही नुसत्या तोडणीनंतर त्याच जागी पूर्वीपेक्षा दाट झुडूप उभे राहते.

याचे कारण जमिनीखाली आहे. खोड व मूळ जेथे जुळतात त्या भागावर सुप्त डोळे असतात. वरचे खोड जाताच ते जागे होतात आणि एका खोडाऐवजी अनेक धुमारे फुटतात. म्हणून एकतर हा भाग मातीतून खणून काढावा, नाहीतर तो जागीच मारावा.

मारण्यासाठी ताज्या कापावर तणनाशक लावतात. खोड शक्य तितके जमिनीलगत कापून भुसा झाडावा आणि काही मिनिटांतच द्रावण ब्रशने लावावे. कापाचा मध्यभाग मृत लाकडाचा असतो. द्रावण सालीलगतच्या ओल्या कड्यावर पोहोचणे महत्त्वाचे. ग्लायफोसेट पाण्यात विरघळणारे असल्याने अखंड सालीतून आत जात नाही, आणि मातीला घट्ट चिकटत असल्याने बुंध्याभोवती ओतून काहीच साधत नाही. गढूळ पाण्यात मिसळले तरी त्याचा जोर कमी होतो. ऑस्ट्रेलियात डिझेलमध्ये ट्रायक्लोपायर व पिक्लोरामचे मिश्रण सालीवर लावतात. ती तेथील नोंदणीकृत शिफारस आहे, तिचे येथे अनुकरण करू नये. भारतात ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे लेबलवरील क्षेत्र व मात्रा पाहिल्याशिवाय विस्तार कार्यकर्त्याने सल्ला देऊ नये.

खरी अडचण वेळेची आहे. झाड हिरवेगार व वाढीत असताना औषध मुळापर्यंत उत्तम जाते. पण कावेरी खोऱ्यात तो काळ बहुधा कालवे वाहते असण्याचा. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने 12 जूनला सुटते व 28 जानेवारीला बंद होते. म्हणून कालव्याच्या व तळ्याच्या काठावर तणनाशक टाळून कोरड्या महिन्यांत यंत्राने मुळासकट उपटणेच योग्य. पाण्यापासून दूरच्या बांधावर, ईशान्य मोसमी पावसानंतर झाड टवटवीत असताना, खुंटावर उपचार करावा. उंच झाडीवर फवारणी मात्र कोठेही नको : शेजारच्या भातावर तुषार जातात. शिवाय फुलोऱ्यात या झाडावर मधमाश्यांची मोठी वर्दळ असते.

मोठी झाडे मेल्यावर बियांचा प्रश्न उरतो. शेंगा गोड असल्याने शेळ्या-गुरे त्या खातात आणि कठीण कवचाच्या बिया शेणातून दूरवर पसरतात. दक्षिण आफ्रिकेत बी पोखरणारे अल्गारोबियस प्रोसोपिस भुंगेरे 1987 पासून सोडले गेले. परंतु भुंगेऱ्यांआधी जनावरेच शेंगांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे अपेक्षित यश आले नाही. शेंगा पक्व होण्याआधी झाडे काढणे, त्या पडलेल्या जागी चराई थांबवणे आणि पुढील पावसाळ्यांत ओल्या मातीतून रोपे हाताने उपटणे हे उपाय अधिक भरवशाचे ठरतात. रोपाला जाड सोटमूळ धरण्यापूर्वी ते सहज निघते. पुढच्या हंगामात त्यासाठी कुदळ लागते.