थंडीत भोपळ्याचे बी कसे रुजवावे?

(इयत्ता चौथी)

बालमित्रांनो, भोपळा तुम्हां सर्वांना माहीत आहे. लेकीकडे जाणारी म्हातारी भोपळ्यात बसून आली, ही गोष्ट आपण पहिलीतच ऐकली. पण तो भोपळा ज्या बियापासून झाला ते बी कसे उगवले, हे गोष्टीत सांगितलेले नाही. ते मी आज सांगणार आहे. ही माहिती मी आमच्या गुरुजींकडून, आज्जीकडून आणि शाळेच्या परसबागेत स्वतः पाहून लिहिली आहे.

आपण ज्याला तांबडा भोपळा किंवा काशीफळ म्हणतो त्याचा हा पाठ आहे. त्याची लागवड वर्षातून दोन वेळा करतात. एक जून-जुलैमध्ये पावसावर, आणि दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीच्या पाण्यावर. पावसाळ्यात बी टाकले की चार-सहा दिवसांत वर येते. त्यात काही कष्ट नाहीत. खरी अडचण जानेवारीत येते, कारण तेव्हा थंडी असते.

थंडीतच का लावायचे?

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर आहे. येळवस ते संक्रांत या दिवसांत रात्री फार गार असतात. काही रात्री पारा १० अंशांच्या जवळ येतो. माझ्या मनात आले, एवढ्या थंडीत लावायचे कशाला? होळी जळाली, थंडी पळाली अशी म्हणच आहे. मग होळीनंतर लावावे. मी तसे आज्जीला विचारले. आज्जी म्हणाली, "आरं, थंडी पळती तसं पानी बी पळतंय की!"

गुरुजींनी आम्हाला याचे गणित फळ्यावर घालून दिले. भोपळा पूर्ण पिकायला बी लावल्यापासून सुमारे ११० दिवस लागतात. १० जानेवारीला बी लावले तर भोपळा एप्रिलच्या शेवटी पिकतो. १५ मार्चला लावले तर जुलै उजाडतो. आमच्या विहिरीचे पाणी एप्रिलअखेर तळाला जाते. मग मे आणि जूनमध्ये वेलाला पाणी कोण घालणार?

गेल्या वर्षी आण्णांनी (माझ्या वडिलांनी) फेब्रुवारीच्या शेवटी लावण केली होती. वेल चांगले पसरले. फुले आली, मुठीएवढे भोपळेही धरले. मे महिन्यात विहीर आटली आणि सगळे वेल जागेवर वाळले. आम्ही ते वेल ओढून बांधावर टाकले. आण्णा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. म्हणून थंडीत बी रुजवता येणे ही आपल्या जिल्ह्यात साधी गोष्ट नाही. पाणी आपल्यासाठी थांबत नाही. आपणच लवकर निघाले पाहिजे.

बियाला काय लागते?

बी म्हणजे झोपलेले रोप होय. भोपळ्याचे बी सोलून पाहा. आत दोन जाड पांढऱ्या डाळी दिसतात. ती त्या रोपाची शिदोरी आहे. टोकाला बारीक कोंब असतो. त्याला जागे होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पाणी, हवा आणि ऊब. उजेड लागत नाही. तो रोप वर आल्यावर लागतो.

भोपळा हे ऊब आवडणारे पीक आहे. माती २५ ते ३५ अंश असली की बी लवकर उगवते. १५ अंशांच्या खाली ते जवळजवळ उगवतच नाही. गार मातीत बी पाणी पिऊन फुगते, पण कोंब हलत नाही. तसेच ओले पडून राहिले की त्याला बुरशी लागते आणि ते कुजते. लोक म्हणतात, बी खराब निघाले. पण पुष्कळ वेळा बी चांगले असते, माती गार असते.

आज्जीने हेच एका वाक्यात सांगितले. ती म्हणाली, "बी म्हंजी लेकरू हाय. त्येला आदी ऊब पायजे, मग ऊन."

आम्ही केलेला प्रयोग

आज्जीकडे राखेत ठेवलेले जुने बी होते. एकाच भोपळ्याचे ३० बी घेतले. सगळे रात्रभर पाण्यात भिजवले. मग दहा-दहाचे तीन भाग केले.

पहिले दहा बी परसबागेत आळे करून मातीत लावले. दुसरे दहा ओल्या फडक्यात बांधून डब्यात घातले आणि डबा चुलीजवळ ठेवला. तिसरे दहा मातीच्या पिशव्यांत लावून त्या पिशव्या उकिरड्यावर ठेवल्या. सकाळी सात वाजता गुरुजींनी विज्ञान पेटीतला तापमापक लावला. आळ्यातली माती १४ अंश, चुलीजवळचा डबा २७ अंश आणि उकिरड्यावरच्या पिशवीतली माती ३० अंश भरली.

चुलीजवळच्या फडक्यात चौथ्या दिवशी आठ बियांना पांढरे मोड आले. उकिरड्यावर सहाव्या-सातव्या दिवशी सात रोपे वर आली. आळ्यात मात्र काहीच दिसेना. सोळाव्या दिवशी तीन रोपे कशीबशी निघाली. बाकीचे बी उकरून पाहिले तर ते मऊ पडून कुजले होते. बी एकच, पाणी एकच, गाव एकच. फरक फक्त उबेचा!

उकिरडा गरम का असतो?

थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, हे तुम्ही पाहिले असेल. शेण आणि काडीकचरा कुजवणारे बारीक जीव त्यात असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते काम करतात तेव्हा उष्णता तयार होते. ही ऊब फुकट मिळते, रात्रीही बंद होत नाही. पण ताजा उकिरडा आतून फारच तापतो. हात घालून पाहावा. हाताला सोसले नाही तर तिथे बी भाजेल. म्हणून उकिरड्यावर वीतभर मातीचा थर द्यावा आणि पिशव्या त्या मातीवर ठेवाव्यात.

रीत

१. बी निवडणे : पूर्ण पिकलेल्या भोपळ्याचे, भरलेले, जाड बी घ्यावे. बोटाने दाबून पाहावे. पोचट असेल तर काढून टाकावे.

२. भिजवणे : कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे. त्याहून जास्त वेळ ठेवू नये. पाण्यात बुडालेल्या बियाला हवा मिळत नाही.

३. मोड आणणे : आई मटकीला मोड आणते तसेच करावे. सुती फडके ओले करून घट्ट पिळावे आणि त्यात बी गुंडाळावे. पाणी ठिबकता कामा नये. डब्यात ठेवून डबा चुलीजवळ उबेला ठेवावा, विस्तवाला लागून नव्हे. रोज एकदा उघडून पाहावे.

४. पिशव्या भरणे : दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन खाली भोके पाडावीत. आपली काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगड होते. म्हणून अर्धी माती, अर्धे चाळलेले जुने शेणखत आणि त्यात थोडी वाळू मिसळावी.

५. लावणे : मोड नखाएवढा झाला की लगेच लावावे. मोड खाली करून बोटाच्या एका पेराएवढे खोल ठेवावे. मोड फार नाजूक असतो, मोडला तर ते बी गेले.

६. पाणी : सकाळी ऊन आल्यावर थोडे पाणी द्यावे. संध्याकाळी देऊ नये, रात्री माती गार पडते. फार पाणी झाले तर रोपाची मान मोडते.

७. पांघरूण : रात्री पिशव्यांवर कोंबड्यांची डाल पालथी घालावी आणि वरून पोते टाकावे. उंदरांना हे बी फार आवडते, त्यांच्यापासूनही राखण होते. रोप वर आले की सकाळी पांघरूण काढून उन्हात ठेवावे. उजेड नसला तर रोप पिवळे आणि लांबुडके होते.

८. शेतात नेणे : सुमारे पंधरा दिवसांनी दोन-तीन खरी पाने येतात. पहिली दोन गुळगुळीत पाने म्हणजे त्या डाळीच होत, ती मोजू नयेत. लावण संध्याकाळी करावी. पिशवी ब्लेडने कापावी आणि मातीचा गड्डा फुटू न देता आळ्यात ठेवावा. भोपळ्याची मुळे दुखावली तर वेल बसतो, पुढे जात नाही.

जगातले मोठे भोपळे

गुरुजींनी आम्हाला एक नवलाची गोष्ट सांगितली. कॅनडा देशात हॉवर्ड डिल नावाचे शेतकरी होते. त्यांनी पुष्कळ वर्षे निवड करून 'अटलांटिक जायंट' नावाचे प्रचंड भोपळ्याचे वाण तयार केले. २०२३ साली अमेरिकेतील ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा १२४७ किलो भरला. म्हणजे ज्वारीच्या क्विंटलाच्या बारा पोत्यांहून जास्त! २०२५ साली इंग्लंडमधील इयान आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांचा भोपळा त्याहून मोठा, सुमारे १२७९ किलोंचा झाला. म्हातारी तर बसेलच, पण तिच्याबरोबर आमचा सगळा वर्गही येईल असे मला वाटते.

पण त्या लोकांचीही अडचण आपल्यासारखीच आहे. त्यांच्याकडे एप्रिल-मेपर्यंत थंडी असते, दहिवर गोठते. थंडी जाईपर्यंत थांबले तर पुढची थंडी येईपर्यंत भोपळा वाढायला दिवस पुरत नाहीत. म्हणून ते एप्रिलमध्येच घरात उबेला बी रुजवतात. काही जण बियाची कडा कानशीने हलकी घासतात, म्हणजे पाणी लवकर आत जाते. त्यांच्याकडे विजेची ऊब देणारी चटई असते. आपल्याकडे चूल आणि उकिरडा आहे. त्यांना पुढे थंडी गाठते, आपल्याला पुढे दुष्काळ गाठतो. दोघांनाही दिवस वाचवायचे असतात.

आपल्या भोपळ्याची जात वेगळी आहे, तो एवढा मोठा होत नाही. पुसा विश्वास या वाणाचे फळ सुमारे पाच किलोंचे असते. पण आपल्याला ते पुरे आहे. पिकलेला भोपळा देठासकट काढून सावलीत ठेवला तर काही महिने टिकतो. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा तो उपयोगी पडतो. त्यात डोळ्यांना चांगले असणारे अ जीवनसत्त्व मिळते. भाजी होते, गूळ घालून घारगे होतात. आमच्या परसबागेतले भोपळे पोषण आहारात जाणार आहेत.

यंदा उबेतून निघालेली पंधरा रोपे आम्ही लावली. त्यांतली तेरा जगली. आज वेल हातभर झाले आहेत. आण्णांनीही शेतात या रीतीने रोपे लावली आहेत. ते रोज सकाळी विहिरीत डोकावून पाणी पाहतात आणि मग वेल पाहतात. मी पाटीवर दिवस मोजतो आहे. आज अडतिसावा दिवस आहे.

लक्षात ठेवा
- बी लावण्याआधी मातीला हात लावून पाहा. माती गार तर बी घरात.
- बियाला ऊब, रोपाला ऊन.
- ओले हवे, चिंब नको.
- पाणी किती दिवस पुरेल ते मोजा, मग लावणीचा दिवस ठरवा.

सांगा पाहू
१. तुमच्या विहिरीचे पाणी २० मेपर्यंत पुरते. भोपळ्याला ११० दिवस लागतात. तर बी जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत लावावे?
२. तुमच्या घरात रात्री सर्वांत उबदार जागा कोणती?
३. मटकीला उन्हाळ्यात लवकर मोड का येतात?

उत्तरे वहीत लिहून गुरुजींना दाखवा. ज्यांना बी पाहिजे असेल त्यांनी आमच्या वर्गात यावे. आज्जीने प्रत्येकाला चार बी द्यायला सांगितले आहे. पण एक अट आहे. भोपळा पिकला की त्याचे चार बी परत आणून द्यायचे.